डिंभ्याचा तळ मे महिन्यात पाहावा

जुन्नर तालुका 2018 मध्ये ‘पर्यटन तालुका’ म्हणून जाहीर झाला, तेव्हा आपल्या धरणांत मोटारबोटी याव्यात म्हणून हिरिरीने बोलणाऱ्यांत मीही होतो. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगावात डिंभे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांत असताना पर्यटकाने काठावर उभं राहून फोटो काढावा आणि परत जावं, हे मला पटत नसे. बोट कुठली घ्यावी, यावरही माझं मत ठाम होतं. हलकी, फायबरची, मागे दणकट आऊटबोर्ड इंजिन लावलेली.

उथळ पाण्याचं काय, असं कुणी विचारलं की मी शास्त्र सांगायचो. बोट वेगात आली की तिचं अंग पाण्याबाहेर उचललं जातं आणि ती पाण्यावरून घसरत जाते. उभी असताना फूटभर बुडणारी बोट पळताना जेमतेम चार-सहा इंच पाण्यात असते. सबब, जितका वेग जास्त तितकं पाणी कमी लागणार. उथळ पट्टा आला की इंजिन पिळा आणि निघून जा.

हे शास्त्र आजही खोटं म्हणत नाही. पण डिंभ्याच्या फुगवट्यात जाळी टाकणाऱ्या एका मामांनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “सर, पळतीय तवर ठीक हाय. थांबायचं कुठं?”

त्या प्रश्नाने माझं मत एका दिवसात बदललं नाही, हळूहळू पोखरलं. पळणारी बोट थांबली की पुन्हा फूटभर खाली बसते. पुन्हा निघताना तर आणखी वाईट. इंजिनाला जोर दिला की पहिल्यांदा नाक वर जातं आणि मागची बाजू खोल दबते. नेमका त्याच बाजूला पंखा असतो. म्हणजे बोटीला सगळ्यांत जास्त पाणी लागतं ते सुटताना, आणि सुटायचं असतं काठावरून, जिथे पाणी सगळ्यांत कमी. शिवाय बुडाला चार इंच पुरले तरी पंखा त्याच्याही खाली फिरत असतो. त्याची पाती आणि खालची पातळ पट्टी धरली तर आणखी फूटभर तरी पाणी हवं.

इंजिन थोडं वर उचलून हळू चालवता येतं, आणि उथळात तेच करतात. पण त्यालाही मर्यादा आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी पंख्याच्या वरच्या बाजूच्या जाळीतून आत ओढलं जातं. इंजिन फार उचललं की ती जाळी उघडी पडते. तळाशी फार जवळ गेलं की पाण्याऐवजी गाळ आत जातो आणि पंपातल्या रबरी चकतीची पाती झिजतात. चालू इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते. जाणता बोटवाला पर्यटकांशी गप्पा मारतानाही तिच्यावर एक डोळा ठेवतो. धार तुटली की इंजिन बंद, वल्हं हातात.

आणि माणसं? पाण्याला टेकणारा बोटीचा पसारा पाच चौरस मीटर धरला, तर सत्तर किलोचा एक माणूस बोट चौदा मिलिमीटर खाली दाबतो. आठ जण बसले की अकरा सेंटीमीटर गेले. विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा बहुधा रिकाम्या बोटीचा असतो. आपल्याकडे रिकामी बोट कोण सोडतंय?

तर आता कुणी विचारलं तर माझा हिशेब असा: पंधरा फुटी बोट, माणसं भरलेली, इंजिन खाली, तर रेंगाळत जायला अडीच फूट पाणी, उठून पळायला तीन आणि बिनघोर झोप लागायला चार. ‘बोट काय, फूटभर पाण्यातही जाते’ हे वाक्य मी सोडून दिलं आहे.

पण माझं मत खरं फिरलं ते आकड्यांनी नव्हे, डिंभ्याच्या तळाने. घोड नदीवरचं हे धरण, हुतात्मा बाबू गेनू सागर, भरलं की साडेतेरा टीएमसी. त्यात दोन-चार फुटांची चिंता कसली, असं ऑक्टोबरात कुणालाही वाटेल. पुढे आवर्तनं सुरू होतात. डाव्या कालव्याने पाणी येडगावला जातं आणि तिथून पार नगर, सोलापूरकडच्या शेतांपर्यंत. पाणी उतरतं तसा काठ मागे सरतो. वरच्या अंगाला, जिथे जमीन पसरट आहे, तिथे उतार पन्नासाला एक असला तर एक मीटर पाणी उतरताच काठ पन्नास मीटर दूर जातो. दिवाळीतला धक्का होळीला चिखलात.

आणि त्या पाण्याखाली गाव आहे. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे, ते गावच धरणात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. मे महिन्यात त्या बुडालेल्या गावात चालत जाऊन पाहावं. भेगाळलेल्या गाळात दगडी जोती उघडी पडतात, खाचरांचे बांध एकामागे एक पायऱ्यांसारखे दिसतात, अधेमधे झाडांचे काळे पडलेले खुंट. एकेक खुंट कमरेएवढा. पाणी त्याच्यावर वीतभर असलं की वरून काहीही दिसत नाही, आणि माझी ती पळणारी हलकी बोट नेमकी त्याच्यावरून जाणार होती. साध्या रेतीत पंखा घासला तर पातं झिजतं. खुंटावर त्या वेगात आदळला तर माणसं पुढे फेकली जातात.

हा पट्टा रिकामा आहे, असंही मी समजत होतो. तो तसा नाही. पाणी हटलेल्या जमिनीवर विस्थापित आदिवासी कुटुंबं गाळपेर करतात. ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली. उथळात त्यांची जाळी असतात. आपल्या मौजेसाठी त्यावरून पंखा फिरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

बोट नको, असं मी म्हणत नाही. सपाट बुडाची, लहान इंजिनाची, हळू चालणारी असावी आणि तिच्यात वल्हं नि बांबू कायम असावेत. सपाट बोटीची एक खोड मात्र सांगायला हवी: उघड्या पाण्यावर वारा सुटला की ती आदळते, पाणी आत घेते. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. तिथे घात उथळ पाण्याने नव्हे, वाऱ्याने केला. त्यामुळे आभाळ भरून आलं की बोट काठाला, आणि जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बाकड्याखाली नव्हे.

समुद्रातल्या बोटवाल्याला तळ दिसला तर ओहोटीपुरता. आपल्याला धरण तो दर उन्हाळ्यात फुकट दाखवतं. पाटबंधारे खातं धरणाची पातळी रोज समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजतं. मे महिन्यात लेव्हलिंगचं यंत्र घेऊन प्रत्येक जोतं, विहीर, बांध आणि खुंट यांच्या माथ्याची उंची त्याच मापात लिहून ठेवायची. समजा एखाद्या खुंटाचा माथा 700 मीटरला आहे आणि आजची पातळी 701.20, तर त्याच्यावर सव्वा मीटरच्या आत पाणी आहे, आणि ते रोज घटणार आहे. हे काम एका उन्हाळ्याचं आहे. जुन्नर-आंबेगावात बोटिंगचे बेत आखणाऱ्यांना माझी विनंती आहे: बोटीची ऑर्डर देण्याआधी ही वही तयार करा, ती करताना मच्छीमारांना मजुरी देऊन सोबत घ्या, आणि ज्या पट्ट्यात चार फूट पाणी भरत नाही तिथे बांबू रोवून बोटीला बंदी करा.