देईल खाटल्यावरी

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण कुणी कौतुकानं वापरल्याचं मला आठवत नाही. ती टोमणा म्हणूनच येते, आणि बहुधा सकाळी, कुणीतरी उशिरा उठल्यावर. आमचं घर ख्रिस्ती, पण म्हणीतला हरी कुणी बदलला नाही. चर्चला निघताना आजी काखेत बायबल धरूनच ती काकांना ऐकवायची. त्याच आजीची रात्रीची प्रार्थना मात्र अशी, की प्रभू, माझ्यात काही बळ नाही, आता सगळं तूच बघ. या दोन्हींचं तिच्या मनात कधी भांडण झालं नाही. माझ्या मनात ते अलीकडे सुरू झालंय.

खाटेवरचा माणूस धडधाकट आहे, हे या म्हणीनं गृहीत धरलेलं असतं. उठता येत असून तो उठत नाही, म्हणून हसायचं. तो आजारी असेल तर? मग ती म्हण कुणाच्या तोंडून निघणार नाही. निघालीच तर ऐकणारे त्याला गप्प करतील. खाट तीच, हरी तोच, वाट पाहणंही तेच. पाय चालतात की नाही एवढं बघून आपण एकाला आळशी म्हणतो आणि दुसऱ्याला श्रद्धाळू. आणि कितीतरी जणांचे पाय चालत असतात, तरी त्यांना उठवत नाही. त्यांचं काय करायचं?

रानात इस्राएल लोकांना देवानं पोट भरायला मान्ना दिला, तोही खाटल्यावर मिळाला नाही. तो छावणीभोवती जमिनीवर पडायचा. सकाळी उठून वेचावा लागे. ऊन चढलं की वितळून जाई. उद्यासाठी म्हणून राखला तर त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचलेला टिके. देणारा तो, वेचणारे तुम्ही, अशी ही वाटणी उपदेशात छान बसते. पण वेचायचं होतं ते तंबूतल्या माणसांच्या संख्येप्रमाणे. म्हणजे ज्याला वाकता येत नव्हतं, त्याच्या वाट्याचा मान्ना त्याच्या तंबूतलं दुसरं कुणीतरी वेचत असणार. त्या दुसऱ्याबद्दल उपदेशात फारसं कुणी बोलत नाही.

ज्याला खरोखर खाटल्यावर मिळालं, तो माणूस मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कफर्णहूमातला पक्षाघाती. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं. दारात गर्दी, म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उकरलं आणि बाज खाली सोडली. मला या गोष्टीतलं छप्पर सोडवत नाही. मार्क म्हणतो, त्यांनी ते उकरलं; लूक म्हणतो, कौलं काढून त्याला उतरवलं. मराठवाड्यातला माणूस मार्कच्या बाजूनं उभा राहील आणि कोकणातला लूकच्या. मी मार्ककडे. कफर्णहूमातल्या घरांच्या भिंती काळ्या बेसाल्टच्या. वर तुळया, फांद्या आणि मातीचा थर, थेट आपल्या माळवदासारखा. असं माळवद उकरायला घेतलं की खाली बसलेल्यांच्या डोक्यावर, ताटात, डोळ्यांत माती पडणार. शास्त्री अंग झटकत वर बघताहेत, घरमालक ओरडतोय. पुढचं शुभवर्तमानात नाही: ते भोक बुजवलं कुणी? पावसाच्या आत बुजवलं का? पापांची क्षमा झाली, माणूस बाज उचलून घरी गेला, लोक थक्क झाले. पण त्या घरातली बाई संध्याकाळी झाडू घेऊन उभी असणारच.

येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. त्यांत बाजेवरचा धरायचा की नाही, हे मला कळत नाही. तो तोंडानं एक अक्षर बोललेला नाही. माणसासकट बाज जिन्यावरून न्यायची म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक: खालच्या बाजूच्या दोघांवर सगळा भार येतो, आणि वळणावर कुणाचं तरी बोट भिंतीशी चेंगरतं. आमच्याकडे अशी बाज उचलायची वेळ आली तेव्हा प्रार्थनेला माणसं कमी पडली नाहीत. चौथा कोपरा धरायला मात्र शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली.

विसंबणं आणि राबणं यांची हीच गाठ पंडिता रमाबाईंकडेही दिसते. त्यांना कामाच्या खर्चासाठी बॉस्टनच्या मंडळानं 1887 मध्ये दहा वर्षांचा शब्द दिला होता. पुढे माणसांच्या आश्वासनांपेक्षा देवावर विसंबून चालायचं, अशी त्यांची वृत्ती होत गेली. ब्रिस्टलच्या जॉर्ज मुलरचं अनाथालय त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. आणि त्यांच्या केडगावच्या आश्रमात काय चाललेलं असायचं? विहिरी, छापखाना, माग, शेती, शेकडो मुलींचं जेवणखाण. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन आणलेल्या मुली. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर, 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत. यात आपलं बळ कुठलं आणि देवाचं कुठलं, हे मला वेगळं काढता येत नाही. बाईंनी श्रेय देवाला दिलं. मी तिथं असते तर मला घट्टे पडलेले हातच दिसले असते.

एवढ्यावर मी म्हणून मोकळी झाले असते, की देव देतो तो चौघांच्या खांद्यांवरून. पण योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी आणखी एक माणूस पडलाय, 38 वर्षांपासून आजारी. त्याला कुणीच नाही. बरं व्हायचंय का, असं येशूनं विचारल्यावर तो होही म्हणत नाही. मला पाण्यात सोडणारं कुणी नाही, एवढंच सांगतो. बरं करणारा कोण, हेही त्याला माहीत नव्हतं. तरी तो उठला, आणि शब्बाथाला बाज उचलली म्हणून लोकांनी त्यालाच धारेवर धरलं. त्याच्यापाशी ना चौघं, ना धड विश्वास. तिथं पडून राहणं हे देवावर विसंबणं होतं की नुसती सवय, याचं उत्तर योहान देत नाही. त्या माणसालाही ते देता आलं असतं असं मला वाटत नाही.