सफरीचा अमीर

चाळिशी ओलांडलेला बाप मोटारसायकलवरून डोंगरात जाऊन तंबूत झोपणार आहे, असे घरात सांगितले की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" आणि दुसरा, "बरोबर कोण कोण आहे?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर पहिला आपोआप मागे पडतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या अम्मीने चारही नावे ऐकली आणि एवढेच विचारले, "तुमच्यात मोठा कोण?"

वयाने कोणीच मोठा नव्हता. चौघेही एकाच वयाचे, भाईंदरच्या एका शाळेत एकाच बाकावर बसलेले. एक आता गणिताचा मास्तर आहे. दुसऱ्याचे नया नगरजवळ दुचाकींचे गॅरेज आहे. त्याला आम्ही मिस्त्री म्हणतो. तिसरा भाईंदर पश्चिमेचा आगरी. तो वीस वर्षे नाशिकहून भाजीपाला आणणारा टेंपो चालवतो. चौथा मी, औषधांच्या दुकानात हिशेब लिहिणारा. मला मोटारसायकल चालवता येत नाही, म्हणून गाड्या तीन आणि माणसे चार. मी मास्तरच्या मागच्या सीटवर. मागे बसणाऱ्याचा एक फायदा असतो. त्याला रस्त्याकडे कमी आणि आजूबाजूला जास्त बघता येते.

निघण्याच्या आदल्या रात्री सगळे मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जमलो. काँट्री काढली, तंबू आणि दोऱ्या मोजल्या. मी अम्मीचा प्रश्न सांगितला. तेव्हा मास्तर म्हणाला, "तीन माणसे सफरीला निघाली तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर नेमावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आपण तर चार आहोत." मग नेमायचे कोणाला? घाटाची सगळ्यांत जास्त माहिती टेंपोवाल्याला. कसारा घाट त्याने रात्री, धुक्यात, पावसात, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीने शेकडो वेळा पार केलेला. मास्तरनेच त्याचे नाव सुचवले. तो हसून म्हणाला, "मी कसला अमीर? टेंपोचे हप्ते अजून चालू आहेत." त्याला अर्थ समजावून सांगितला. क्षणभर विचार करून त्याने विचारले, "म्हणजे मी सांगेन ते तुम्ही ऐकणार? न पटले तरी?" आम्ही तिघे हो म्हणालो.

लगेच त्याने नियम सांगितले. सगळ्यांत हळू चालवणारा पुढे, म्हणजे मास्तर. मिस्त्री सगळ्यांत मागे, कारण कोणाची गाडी बंद पडली तर तिच्यापर्यंत तोच पोचला पाहिजे. पन्नास किलोमीटरला एक थांबा. वळणावर फोटो काढायला थांबायचे नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही. धरणाच्या पाण्यात कोणी उतरायचे नाही. आणि अंधारात घाट नाही. शेवटी त्याने वही पुढे केली. "तुमच्या नमाजच्या वेळा लिहून द्या. त्याप्रमाणे थांबे ठरवतो."

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मास्तर आणि मी कोकणी, शाफई. सफरीत आम्ही जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र अदा करतो. मिस्त्रीचे घराणे हनफी. तो कसर करतो, पण प्रत्येक नमाज आपापल्या वेळेत. अमीरने दोन्ही रकाने नीट मांडले आणि म्हणाला, "भाजीच्या मार्केटपेक्षा सोपे आहे."

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. शनिवारी फजर करून निघालो. काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाणे, मग माजिवड्यावरून नाशिकचा महामार्ग. भिवंडीची गोदामे मागे पडली, पडघा गेले, आसनगावला चहा झाला आणि खर्डीनंतर सह्याद्रीची भिंत समोर उभी राहिली. कसारा घाट म्हणजे जुना थळ घाट. कोकणातल्या बंदरांवरचा माल पूर्वी याच वाटेने देशावर जायचा. रेल्वेही याच घाटाने १८६५ साली वर चढली. ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ आहे, म्हणून आजही वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. आमच्या तीन गाड्या मास्तरच्या वेगाने, म्हणजे बैलगाडीपेक्षा थोड्या जास्त वेगाने वर आल्या. मिस्त्रीच्या गाडीला हा वेग म्हणजे अपमान होता, पण तो मुकाट मागे राहिला.

घोटीला महामार्ग सोडला आणि बारीच्या दिशेने वळलो. उजवीकडे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळे पडू लागले होते. शेंडी गावात प्रवरा नदीवरचे विल्सन धरण लागते. १९१० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. आपण ज्याला भंडारदरा म्हणतो ते हेच. मुक्कामाची जागा जलाशयाच्या काठी, एका महादेव कोळी शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर अमीरने आधीच ठरवून ठेवली होती. आम्ही त्यांना मामा म्हणालो आणि त्यांच्या घरातल्या बाईंना मावशी.

घरून हळद, आले-लसूण लावून बर्फात ठेवलेले चिकन मिस्त्रीने तीन दगडांच्या चुलीवर शिजवले. मावशींनी नाचणीच्या भाकऱ्या आणि ठेचा दिला. सूर्य पाण्यापलीकडच्या डोंगराआड गेला. तो जिथे मावळला त्याच्या थोडे उजवीकडे तोंड करून आम्ही चटई अंथरली. आमचे मगरिब-इशा झाले. मिस्त्री इशाच्या वेळेला पुन्हा एकटा उठला, तेव्हा अमीरने काही न बोलता त्याच्या जागेजवळ टॉर्च नेऊन ठेवला. तंबूत चौघांनी शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या आणि आमचा मास्तर सर्वांत जास्त हसला. पहाटे फजरला बाहेर आलो तर चुलीवर पातेले होते. वुजूसाठी गरम पाणी. अमीर आमच्याआधी उठला होता.

रविवारी जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने फिरलो. रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर, मागे रतनगड. अमीर दर्शनाला गेला, आम्ही बाहेरचे कोरीवकाम बघत थांबलो. पुढे साम्रद आणि घाटघर. घाटघरच्या कड्यावर उभे राहिले की जमीन संपते आणि खाली कोकण पसरलेले दिसते. इथे २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातले पाणी वर चढवून ठेवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. मास्तरने काठीने मातीत आकृती काढून आम्हाला ते समजावले. सफरीतला त्याचा सर्वांत आनंदाचा क्षण तोच असावा. दुपारी तंबू गुंडाळले, मामांचे पैसे चुकते केले, कचरा पिशवीत भरून गाडीला बांधला आणि निघालो.

फिरताना फोनला रेंज अधूनमधूनच मिळत होती. घोटीला चहाला थांबलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मास्तरच्या फोनवर त्याच्या भावाचे अकरा मिस्ड कॉल होते. त्यांच्या अब्बांच्या छातीत दुपारी दुखू लागले होते, त्यांना इस्पितळात नेऊन अतिदक्षता विभागात ठेवले होते.

मास्तरने चहा तसाच ठेवला आणि हेल्मेट उचलले. घाटाच्या बाजूला आभाळ काळे झाले होते, विजा चमकत होत्या. टपरीच्या पत्र्यावर पहिले थेंब पडले.

अमीर त्याच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू गाडी चालवणार नाहीस."

"माझे अब्बा आहेत तिकडे," मास्तर म्हणाला. "सरक बाजूला."

"म्हणूनच. तुझे हात बघ."

त्याचे हात थरथरत होते. मिस्त्री म्हणाला, "मी याला मागे घेऊन घाट उतरतो." अमीरने त्यालाही नाही म्हटले. ओला रस्ता, अंधार, रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची गर्दी आणि मधून ट्रक. मास्तर ओरडला. वीस वर्षांत मी त्याला ओरडताना ऐकले नव्हते. तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही. अमीरने सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला, "गॅरेजमध्ये तू मला काय बनवलंस ते आठव. शिव्या नंतर दे. आता ऐक."

मास्तरने किल्ली त्याच्या हातात दिली. दिली म्हणण्यापेक्षा फेकली.

पुढचे सगळे दहा मिनिटांत झाले. घोटीत अमीरच्या ओळखीचे एक गॅरेज होते, तिथे मास्तरची गाडी लावली. मास्तर अमीरच्या मागे, मी मिस्त्रीच्या मागे. आठ-दहा किलोमीटरवरच्या इगतपुरी स्टेशनवर भिजून पोचलो. काँट्रीतले उरलेले सगळे पैसे अमीरने माझ्या खिशात कोंबले. "तू याच्याबरोबर जा. आम्ही सकाळी उजेडात उतरतो." पुढच्या गाडीच्या जनरल डब्यात आम्ही दोघे कसेबसे उभे राहिलो.

घाट उतरण्याआधी इगतपुरीला गाडीचे ब्रेक तपासतात. मास्तरने तीनदा विचारले, "का थांबलीय?" मी तीनदा तेच सांगितले. मग बोगद्यांचा अंधार, काचेवर पाऊस आणि त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने राहू दिला. ठाण्याला त्याचा मेहुणा गाडी घेऊन उभा होता. इस्पितळात पोचलो तेव्हा दहाला थोडा वेळ होता. अब्बा शुद्धीवर होते. त्यांनी मुलाला पाहिले आणि विचारले, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. अल्लाहच्या कृपेने आज ते संध्याकाळी दोन गल्ल्या चालून येतात.

मोटारसायकलने आम्ही लवकर पोचलो असतो का? कदाचित अर्धा तास आधी. कदाचित पोचलोच नसतो. हा हिशेब मांडता येत नाही आणि मास्तर गणिताचा असूनही तो मांडत बसला नाही. मात्र पंधरा दिवस तो अमीरशी बोलला नाही. वडील आयसीयूत असताना कोणी आपली वाट अडवली, ही गोष्ट माणूस एका दिवसात विसरत नाही. नंतर एका रविवारी तो बसने घोटीला गाडी आणायला निघाला, तेव्हा स्टँडवर अमीर आधीच बसून होता. दोघे बरोबर गेले. वाटेत काय बोलणे झाले, ते दोघांनीही आम्हाला सांगितले नाही.

मी मात्र तेव्हापासून एका गोष्टीचा विचार करतो आहे. अमीर नेमण्याच्या शिकवणीकडे आपण शिस्तीचा भाग म्हणून बघतो. पुढे कोण चालेल, कुठे थांबायचे, खर्च कोणी ठेवायचा. त्या कामांसाठी आम्हाला अमीर लागलाच असता असे नाही. त्याची खरी गरज घोटीच्या टपरीवर पाच मिनिटे पडली. त्या पाच मिनिटांत चौघांपैकी कोणीही नवा अमीर निवडू शकला नसता. "तू गाडी चालवू नकोस" हे सांगण्याचा अधिकार ज्याला द्यायचा, तो आपले डोके शांत असताना, हसतखेळत, आदल्या रात्रीच द्यावा लागतो. आणि तो वयाने मोठ्याला किंवा मोठ्या आवाजाच्या माणसाला द्यायचा नसतो. ज्याला रस्ता माहीत आहे आणि जो आपल्यावर रागावलेल्या मित्रासमोर उभा राहू शकतो, त्याला द्यायचा असतो.

आपल्या घरांतून लग्नाला, गावी, मुलांच्या परीक्षेला गाड्या भरून माणसे निघतात. ड्रायव्हरला झोप आली आहे हे दिसत असते, पण बोलायचे कोणी, हे ठरलेले नसते. निघण्याआधी ते ठरवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आता हिवाळ्यात पुन्हा निघायचे चालले आहे. माळशेज की हरिश्चंद्रगडाचा पायथा, यावर अजून वाद आहे. मास्तर म्हणाला, "ठिकाण नंतर बघू. अमीर तोच." या वेळी हनफी आणि शाफई असे दोन्ही रकाने त्याने स्वतःच आखून अमीरकडे पाठवले आहेत.