शून्यावर काट मारण्यापूर्वी

दिवाळीच्या आवराआवरीत गृहिणी माळ्यावरची एकेक वस्तू हातात घेऊन विचारते, "ही शेवटची कधी लागली होती?" स्मृती तोकडी असलेल्या आमच्या हिंगोलीच्या जुन्या संगणकालाही हाच प्रश्न विचारावा, असे मला यंदा वाटले.

त्यावर लिनक्स चालते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते जगापुढे ठेवले. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. ध्वनी, वाय-फाय, पेन ड्राइव्ह अशा प्रत्येकाची भाषा जाणणारा एकेक दुभाषा कर्नलच्या पदरी असतो. तो म्हणजे मॉड्यूल. असे हजारो दुभाषे डिस्कवर झोपलेले असतात. उपकरण जोडले, की ते आपली ओळख सांगते आणि नेमका त्याचाच दुभाषा जागा होतो.

'एलएसमॉड' ही आज्ञा दिली, की जाग्या मॉड्यूलांची यादी येते. शेवटच्या रकान्यात वापराचा आकडा असतो. शून्य दिसले, की काट मारावी, असा मोह कोणालाही व्हावा. पण गंमत अशी, की इंटरनेट धो धो चालू असतानाही नेटवर्क कार्डाच्या मॉड्यूलपुढे शून्यच दिसू शकते! त्या मॉड्यूलला कोणी धरून ठेवले आहे काय, एवढेच तो आकडा सांगतो. राबणाऱ्याचे राबणे त्यात येतेच असे नाही.

जागी आहेत तेवढीच मॉड्यूले निवडून देणारी 'लोकलमॉडकॉन्फिग' नावाची सोयही आहे. नवे कर्नल बांधताना तिने वेळ पुष्कळ वाचतो. पण तिला दिसतो तो आजचा दिवस. उद्या लेक बाळाच्या बारशाची छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेऊन आली, तर दुभाषा कोठून आणावा? म्हणून यादी करण्यापूर्वी घरातले प्रत्येक उपकरण, अगदी वर्षातून एकदा निघणारेसुद्धा, जोडून पाहावे.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. अमेरिकेतील तिच्या थोरल्या बहिणींच्या भुजा चार-चार किलोमीटरांच्या. तेथील आरसे स्थिर राखणारी आज्ञावली लिनक्सचे मॉड्यूल म्हणूनच चालते. सेकंदाला हजारो वेळा, ठरल्या क्षणी हिशेब पुरा व्हावा म्हणून प्रोसेसरचा एक भाग तिच्यासाठी राखून ठेवतात. काय हवे, हे तेथे नेमके सांगता येते. कारण काम एकच.

घरात मात्र कोण केव्हा येईल, याचा नेम नसतो. म्हणून डिस्कवरचे झोपलेले दुभाषे मी खुशाल राहू देतो. ते जागा अडवतात थोडी, आणि बोलावल्याखेरीज स्मृतीच्या पंगतीला बसत नाहीत.