सुप्याच्या माळावर चार पत्ते

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघावे, चौफुल्याला उजवीकडे वळावे, की मोरगावच्या वाटेवर सुपे लागते. मोरगावच्या मयूरेश्वराला जाणारी भाविक मंडळी येथे फार तर चहापुरती थांबतात. बारामती तालुका म्हटला की डोळ्यांपुढे कालवा आणि ऊस उभा राहतो. सुपे त्याच तालुक्यातले, पण हा भाग पर्जन्यछायेतला, जिरायती. खुरटे गवत, बाभळी आणि नजर पोचेल तिथपर्यंत उघडा माळ. असे कोरडे गाव मुद्दाम पाहायला कोण जाणार? मी गेलो, आणि बरोबर माझा भाचा होता.

भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो देहाने मोटारीत होता; मन मात्र हातातल्या फोनमधल्या कुठल्याशा राज्यात होते. हल्लीचे हे खेळ आमच्या पिढीच्या वाचकांना ठाऊक नसतील म्हणून सांगतो. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात उतरतात. प्रत्येकजण तिथे एक सोंग घेतो; कुणी तलवारबहाद्दर होतो, कुणी मांत्रिक, कुणी व्यापारी. बुद्धिबळाचा डाव संपतो तसा हा खेळ संपत नाही. आपण झोपी गेलो तरी ते जग आपले चालूच असते.

“पण यात तुम्हा लोकांना हवे तरी काय असते?” हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न मीही विचारला. भाचा हसून म्हणाला, “मामा, याचं उत्तर तुझ्या दिवाळीच्या पत्त्यांत आहे.”

गोष्ट खरी निघाली. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अशा खेळाचा पहिला अवतार घडवला. त्यात चित्रे नव्हती, नुसते शब्द. पुढे खेळाडूंतच वाद माजला, की आपण येथे येतो ते कशासाठी? बार्टलने त्या वादाचे सार काढून १९९६ साली एक लेख लिहिला आणि खेळाडूंचे चार रंग पाडले. चौकटवाले धन आणि बढती जमवणारे. इस्पिकवाले कानाकोपरा खणून पाहणारे. बदामवाले गप्पांना आणि सोबतीला आलेले. आणि किलवरवाले दुसऱ्याला लोळवण्यात आनंद मानणारे.

गंमत अशी, की हे चारही रंग सुप्याच्या मातीत सापडतात.

किलवर घ्या. पुणे आणि सुपे ही शहाजीराजांची जहागीर. सुप्याचा महाल त्यांनी संभाजी मोहिते यांच्या हाती ठेवला होता. हे मोहिते शिवाजीराजांच्या सावत्र आईचे भाऊ, म्हणजे नात्याने मामा. सभासदाच्या बखरीतली हकीकत अशी, की राजे शिमग्याचे पोस्त मागायला म्हणून आले, मामांना कैद केले, आणि त्यांचे तीनशे घोडे नि द्रव्य ताब्यात घेऊन सुपे आपलेसे केले. मी हे रंगवून सांगितले, तसा भाचा फोनमधून मान वर काढून म्हणाला, “म्हणजे मामाला पकडायची या गावाला जुनी सवय आहे!” त्या दिवसाचा चहा आणि भजी मीच दिली, हे सांगायला नकोच.

इस्पिकवाल्यांसाठी माळ आहे. सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर. येथे चिंकारा हरणे राहतात. पहिला अर्धा तास आम्हाला नुसते गवत दिसले. मग त्याच गवताला कान फुटले, आणि तांबूस अंगाची तीन हरणे आमच्याकडे रोखून पाहू लागली. भाच्याने फोन खिशात ठेवला.

“आमच्या खेळात हरीण मारलं तर थोड्या वेळाने तिथेच पुन्हा उगवतं,” तो हळूच म्हणाला. १९९७ साली, म्हणजे ज्या वर्षी हे अभयारण्य झाले त्याच वर्षी, ‘अल्टिमा ऑनलाइन’ नावाचा प्रसिद्ध खेळ निघाला. त्याच्या कर्त्यांनी खरा निसर्ग बसवायचे योजले होते. गवत ससे खातील, सशांना लांडगे खातील. पण खेळाडूंनी दिसेल ते जनावर अशा झपाट्याने मारले, की ती सगळी व्यवस्था गुंडाळावी लागली. सुप्याच्या माळावर मेलेले हरीण पुन्हा उगवत नाही. म्हणून तर येथे राखणदार लागतो.

चौकट आणि बदाम हे दोन रंग बाजारपेठेत एकत्र आले. १८७५ साली सुपे हे भरभराटीचे बाजारगाव होते. अमेरिकेतले यादवी युद्ध थांबल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, त्यात सारा वाढलेला, आणि कुणबी सावकाराच्या वहीत गळ्यापर्यंत बुडालेला. १२ मे रोजी आसपासच्या गावांतली माणसे सुप्यात जमली. त्यांनी सावकारांची दुकाने फोडली, पण मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर. त्या बाहेर काढून जाळल्या. दंग्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारला चौकशी बसवावी लागली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. वही दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे माणसाची काय गत होते, ते सुपेकरांना कुणी शिकवायला नको होते.

“तुझी वही कुणाच्या हाती आहे?” मी भाच्याला विचारले. त्याची चार वर्षांची कमाई, त्याचे नाव, त्याची बढती, सारे कंपनीच्या यंत्रात. कंपनीने दिवा मालवला की राज्य खलास. २०१२ साली ‘सिटी ऑफ हीरोज’ नावाचे असेच एक जग बंद करण्याचे ठरले, तेव्हा हजारो खेळाडू त्यातल्या चौकात हाती मशाली घेऊन जमले. ३० नोव्हेंबरला ते जग बंद झाले. तिथे जाळायलासुद्धा वही नव्हती.

“माहीत आहे मला,” भाचा म्हणाला. “तरीही आम्ही जातो.”

“मग या चौघांतला तू कोण?”

तो थोडा अडखळला. मुळात हा मुलगा अबोल. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारा. “मी वैद्य आहे,” तो म्हणाला. “लढाईत मी लढत नाही. बाकीच्यांच्या जखमा भरून काढतो. आमची वीसजणांची टोळी आहे. कुणी इंदूरचा, कुणी कोचीचा. मी आलो नसलो तर ते आत जात नाहीत, माझी वाट पाहतात.”

बार्टलच्या चार रंगांत हे उत्तर कुठे बसवावे, याचा मी बराच विचार केला. संपत्ती, शोध, सोबत, विजय हे सारे खरेच. पण या मुलाला हवे होते ते एवढेच, की आपल्यावाचून कुणाचे तरी अडावे. कॉलेजात साठजणांत एक नसला तर हजेरीपटावर फुली पडते, पलीकडे काही नाही. आमच्या लहानपणी वाड्यात दिवाळीचा किल्ला होई, तेव्हा एकाने माती आणायची, एकाने अळीव पेरायचे, धाकट्याने मावळे मांडायचे. तो धाकटा तापाने पडला तर किल्ला अर्धा राही आणि सारी पोरे त्याच्या खिडकीखाली जमत. आता वाड्याच्या जागी इमारत आहे आणि अंगणात मोटारी. पोरांनी किल्ला दुसरीकडे बांधला, एवढेच. मात्र त्या जागेची मालकी त्यांची नाही, ही काळजी मला वाटते आणि ती वाटलीच पाहिजे.

तेव्हा यंदा फराळाच्या ताटावरून मूल फोन घेऊन उठले, तर फोन हिसकावण्याआधी त्याला एकदा विचारावे, “तिथे तू कोण आहेस रे? कोण वाट पाहतंय तुझी?” उत्तर मिळाले, तर त्याच्यावाचून घरातले कुठले काम अडते, तेही एकदा मोजून पाहावे.