ब्रेक उजवीकडे ओढतो

1 जून 2025
शेडचा पत्रा उडाला. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, कुणाचीच तयारी नव्हती. गाडीवरची ताडपत्री भिजून जड झालेली. ओढून काढली. उंदरांच्या लेंड्या, वायपरखाली कुजलेला पाला, चारही टायर बसलेले. रंग मात्र ओळखू आला. फिकट निळा.

3 जून
दादाचा पुण्याहून फोन. भंगारात दे म्हणाला. आता अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत, रीतसर सर्टिफिकेट मिळतं. आईला विचारलं. "द्यायची तर द्या. मी घरात नसताना न्या," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

4 जून
नाही देत.

7 जून
उद्यमनगरातले मिस्त्री येऊन गेले. पासष्टीचे असतील. उमेदवारी फियाटवरच झालेली. मी चावी पुढं केली तर घेतलीच नाही. "चावी नगं ताई. इतकी वर्सं उभी हाय. आत काय गंजलंय ठाऊक न्हाई. स्टार्टर मारला तर रिंगा तुटत्याल." बोनेटला हातही लावला नाही. पोतं अंथरून चाकाशी आडवे झाले. बराच वेळ टॉर्च. "चालू कुणीबी करंल," खालूनच म्हणाले. "थांबली पायजे."

8 जून
अण्णांच्या कपाटात कागद सापडले. नोंदणी 1983. आधी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. शेवटचा शिक्का 2013 पर्यंतचा. अण्णा त्याच पावसाळ्यात गेले.

कागदावर प्रीमियर पद्मिनी. घरात कायम फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यातली. तेव्हा पैसे भरून नंबर लागायची वाट बघायची, वर्षं जायची. आमचा नंबर 1983 मध्ये लागला आणि त्याच डिसेंबरात मारुती 800 आली. काका म्हणाले, थोडं थांबला असतास. अण्णांनी ते वाक्य प्रत्येक लग्नात ऐकलं.

12 जून
गाडी गॅरेजला. क्रेनवाला वैतागला. मागचं डावं चाक फिरेना. रस्त्यावर काळी रेघ उठली. हँडब्रेक ओढलेला होता, 2013 पासून ओढलेलाच.

15 जून
मागचा ड्रम निघता निघेना. मिस्त्रींनी कडेकडेनं लाकडी हातोड्यानं ठोकलं, एका जागी नाही, गोल फिरत. मध्येच डिझेल सोडलं, चहा प्यायला, परत ठोकलं. निघाला तेव्हा लायनरचा अर्धा थर ड्रमलाच चिकटून आला. आत लाल भुकटी. स्प्रिंग बोटानं दाबली तर मोडली. व्हील सिलिंडरचा रबर बूट कडक झालेला, त्यामागं पांढरट चिकट पाणी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. इथं कुणी बदलायचं?

16 जून
आई: "खर्च किती?"
सांगितला नाही.

19 जून
डॅशबोर्डच्या कप्प्यात अण्णांची वही. पेट्रोल, किलोमीटर, हवा, ऑइल. पेन्सिलीनं, तारखेसकट. पंढरपूर, वाडी, आजोळ, माझं बारावीचं सेंटर. मधे मधे एक ओळ येत राहते. 'ब्रेक उजवीकडे ओढतो.' 1994. 'उजवे लायनर बदलले.' पुन्हा 1995. 1998. 2001 मध्ये 'ड्रम लेथवर टर्न करून घेतला, उजवा. फरक नाही.'

20 जून
वही मिस्त्रींना वाचून दाखवली. ते गप्प. मग पुढचं डावं चाक उघडायला घेतलं. ड्रम सहज निघाला. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम. नवा गंज नव्हे, जुना, काळा, खोल खड्डे पडलेला. म्हणजे डावं चाक नीट धरतच नव्हतं. उजवं एकटं धरायचं, गाडी उजवीकडं जायची. आणि दुरुस्ती कायम उजव्याची. "ज्या बाजूला वढती तीच बिघडलीया असं वाटतं मान्साला," मिस्त्री म्हणाले. ही गाडी कोणत्या गॅरेजात जायची ते मी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

21 जून
याच ब्रेकवर आम्ही पाचजण जोतिबाचा घाट उतरत होतो. मागं आजी, मांडीवर नैवेद्याचा डबा.

24 जून
आता प्रश्न. जुन्या सिलिंडरला पितळी स्लीव्ह बसवून मिळते, उद्यमनगरात लेथला तोटा नाही. जसंच्या तसं होईल. पण चारही चाकांना ड्रमच, आणि ब्रेकची लाइन एकच. एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला, चारही चाकं मोकळी. शिवाय घाटात ड्रम तापला की पकड जाते, हे वेगळंच.

मिस्त्रींचं म्हणणं, पुढं डिस्क बसवू, मास्टर सिलिंडर दोन लाइनचा घालू, पुढची वेगळी मागची वेगळी. जोडीला सर्वो.

आई म्हणाली, "त्यांच्या गाडीला हात लावू नका."

26 जून
आईला वहीतली ती ओळ दाखवली. चष्मा लावून सगळी पानं चाळली. माझ्या बारावीच्या पानावर थांबली. वही परत दिली. "लावा डिस्क का काय ते."

2 जुलै
पंचगंगा वाढली. गॅरेजच्या गल्लीत पाणी नाही, पण मदतनीस पोरगा शिरोळकडचा, तो घरी गेला. काम बंद.

8 जुलै
इंजिन. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं थोडं ऑइल सोडून ठेवलं होतं. आज गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून मागं-पुढं हलवली. पहिल्यांदा काहीच नाही. मग पंख्याचं पातं बोटभर सरकलं. मिस्त्रींनी लगेच थांबवलं. उद्या परत, म्हणाले. घाई केली असती तर मला तरी चाललं असतं.

9 जुलै
फिरलं. पूर्ण.

11 जुलै
पेट्रोलची टाकी उतरवली. तळाशी काकवीसारखा थर. वास पेट्रोलचा नाही, व्हार्निशचा. टाकी धुऊन आतून कोट करायची. रबरी नळ्या सगळ्या फेकायच्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्यायच्या, पंपाचा डायफ्रॅम नवा, कार्बोरेटरचं किट नवं.

15 जुलै
कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिस्त्रींच्या ओळखीचा पार्टवाला. फोनवर म्हणाला, टॅक्सी होत्या तोवर फियाटचा माल धो धो निघायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता जे गोदामात आहे तेवढंच. वॉटर पंप आहे म्हणाला. क्लचप्लेट आहे. दाराची काच वर-खाली करायचं हँडल? "ते शोधावं लागेल मॅडम." ते हँडल आमच्याकडे मी सातवीत असताना तुटलं होतं. पक्कड डॅशबोर्डवरच असायची.

19 जुलै
लेकीचा फोन. इलेक्ट्रिक करून टाक ना, आई. किट मिळतात, पण एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता असलेलंच लागतं, आरसीवर नोंद लागते. ते सगळं ठीक. पण मग घरात ठेवायचं काय, पत्रा?

23 जुलै
वायरिंग पूर्ण नवं. उंदरांनी कापडी वेष्टण चवीनं खाल्लंय. डायनॅमो काढून मारुती 800चा अल्टरनेटर. हेडलाइटला रिले. पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मिस्त्री थोडे नाराज. पॉइंटची फट बसवणं ही त्यांची हातोटी, पोस्टकार्ड घालून बघायची. जुने पॉइंट कागदात गुंडाळून डिकीत ठेवले. "वाटंत इलेक्ट्रॉनिक गेलं तर कुनाला बोलवनार? हे बसवून घरी तर याल."

1 ऑगस्ट
पेट्रोलची बाटली बोनेटला टांगून, टाकी न जोडता, पहिला स्टार्ट. कार्बोरेटरमधून भडका. पोरगा मागं उडाला. मिस्त्रींनी प्लगच्या वायरी बघितल्या आणि पोराकडं बघितलं. क्रम 1-3-4-2. त्यानं 1-2-3-4 लावलेला. बदलल्यावर लागली. निळा धूर, मग पांढरा, मग कमी. टॅपेटचा आवाज आहे. ऑइलचा दाब येतोय. आईला फोनवर आवाज ऐकवला. "सायलेन्सर फुटलाय," म्हणाली. खरंच फुटलाय.

14 ऑगस्ट
पत्रा. दाराच्या खालच्या कडा सडलेल्या. पेंटर म्हणाला लांबी भरून सपाट करून देतो, कळणारही नाही. नको. कापून नवा पत्रा वेल्ड करा. वेळ लागेल. लागू दे.

25 ऑगस्ट
पेपरात बातमी. वीस वर्षांवरच्या चारचाकीचं नोंदणी नूतनीकरण 5,000 वरून 10,000 रुपये. उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा. दादानं कात्रणाचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

28 ऑगस्ट
गणपतीला दादा आला. गॅरेजला घेऊन गेले. अर्धा तास नुसता आत बसून होता, स्टिअरिंगवरचा गिअर उगाच टाकत. बाहेर आला तो यादी घेऊनच. एसी, पॉवर स्टिअरिंग, अलॉय व्हील, मोठं म्युझिक, गिअर खाली जमिनीवर.

भांडलो. आधी भंगार म्हणणारा आता नवरी सजवायला निघाला. मी म्हटलं, जे थांबवतं, जे दाखवतं, जे धरून ठेवतं तेवढंच बदलायचं. ब्रेक, दिवे, पट्टे. बाकीची गाडी 1983चीच राहील. त्यात कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम, मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी घट्ट केलंय. पन्नास वर्षं पूर्ण झाली की व्हिंटेज नोंदणी करता येते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. आपल्या गाडीला 2033 उजाडेल. तोवर गिअर आहे तिथंच राहू दे.

"तू वकील कधी झालीस?"
एसीची यादी खिशात ठेवली त्यानं. पट्ट्यांचे पैसे देऊन गेला. पुढं दोन, मागं दोन, तीन ठिकाणी अडकणारे. खांबाला आतून जाड पट्टी वेल्ड करूनच बोल्ट मारायचा, नुसत्या पत्र्याला नाही.

10 सप्टेंबर
पितृपंधरवडा. आई म्हणते आता नवं काही नको. मिस्त्री म्हणतात, जुनीच तर गाडी हाय.

12 सप्टेंबर
ब्रेकची एअर काढली. मी पेडलवर. "मारा, मारा, धरा." नळीतून बुडबुडे येईनासे होईपर्यंत. "सोडा. परत." पोटरी दुखते आहे. शेवटी पेडल घट्ट लागलं. असं घट्ट पेडल या गाडीला माझ्या आठवणीत नव्हतं.

18 सप्टेंबर
कागदांची रांग वेगळीच. जुनं रजिस्टर संगणकात नाही, म्हणून आधी बॅकलॉग एंट्री. ती झाल्याशिवाय हायसिक्युरिटी नंबरप्लेट बुक होत नाही. मूळ मालक वारला तर वारसानं तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो. आईचं आणि दादाचं संमतिपत्र, मृत्यूचा दाखला, विमा. खिडकीवरची मुलगी दाखल्यावरचं वर्ष बघून थांबली, मग म्हणाली, "दंड बसेल हं काकू."
बसू दे.

2 ऑक्टोबर
दसरा. गाडी गॅरेजातच, अजून रस्त्यावर आणायची परवानगी नाही. आईनं झेंडूची माळ स्वतः केली. लिंबं ठेवली चाकाखाली. मिस्त्रींना शर्टपीस. अण्णा आधी जॅकची आणि पान्यांची पूजा करायचे, गाडीची नंतर. आईनं पोराला पाने मांडायला लावले.

17 ऑक्टोबर
तपासणी झाली. दिवे, हॉर्न, धूर, चासी नंबर पेन्सिलीनं कागदावर घासून. ब्रेकच्या वेळी निरीक्षकानं स्वतः चालवली. जोरात मारला. चारही चाकांच्या खुणा समांतर.

9 नोव्हेंबर
आरसी आली. वैधता पाच वर्षं. मालकाच्या रकान्यात माझं नाव, वारसा हक्कानं.

16 नोव्हेंबर
जोतिबा. मिस्त्री पुढं, आई मागं. चढताना रेडिएटरचं तापमान मधल्या रेघेवर, थोडं वर. उतरताना दुसरा गिअर, अण्णा घालायचे तोच. वळणावर एसटी अंगावर आली, ब्रेक दाबला. हात स्टिअरिंगवर आपोआप डावीकडं ओढायला तयार. गाडी सरळ थांबली. मिस्त्रींनी हात सैल ठेवा म्हणून खुणावलं.

आई: "सीट टोचतंय. त्याचं काही करा."

23 नोव्हेंबर
दादा गाडी महिनाभर पुण्याला नेतोय. डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली आहे, जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणालाही चालेल: पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव. बॅटरीची एक वायर काढ. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल. हँडब्रेक ओढून ठेवू नको. चाकाला दगड लाव.