नक्षीचा कागद

मराठी घरात चांगला कागद सहसा वापरला जात नाही. तो जपून ठेवला जातो. लग्नपत्रिकेवरचा गणपती कापून ठेवायचा, भेटवस्तूचा कागद न फाडता अलगद सोडवून गादीखाली सपाट करायचा, शाळेच्या हस्तकलेसाठी आणलेले घोटीव कागद वर्षभर दप्तराच्या तळाशी सांभाळायचे. अमेरिकेला येताना बाकी पुष्कळ गोष्टी मागे राहिल्या, पण ही सवय मात्र आमच्याबरोबर विमानात बसून आली. इथल्या हस्तकलेच्या दुकानांत १२ इंची चौकोनी नक्षीदार कागदांच्या थप्प्याच्या थप्प्या बघितल्या आणि आमचं घर त्यांनी भरून गेलं. हे कागद खरं तर फोटोंचे आल्बम सजवण्यासाठी असतात. आम्ही त्यांची दिवाळीची शुभेच्छापत्रं करतो. आम्ही म्हणजे तीन माणसं : आम्ही दोघं आणि आमची चौदा वर्षांची लेक.

घरात इंजिनिअर असला की कात्रीआधी कॅल्क्युलेटर बाहेर येतो. इथला साधा ८.५ × ११ इंची जाड कागद मधोमध कापून दुमडला की ४.२५ × ५.५ इंचाचं कार्ड होतं. त्याच्या दर्शनी बाजूवर ४ × ५.२५ इंचाचा नक्षीचा तुकडा चिकटवला, तर चारी बाजूंनी इंचाच्या आठव्या भागाएवढी नाजूक कड दिसत राहते. १२ इंची कागदातून असे तुकडे किती? आडवे ३, उभे २, म्हणजे ६; आणि सहाही एकाच दिशेचे, त्यामुळे एकही मोर उताणा पडत नाही. उरते दीड इंच रुंदीची एक पट्टी. तिच्या त्रिकोणांचं तोरण होतं. वाया काहीच जात नाही, याचा आनंद कार्डापेक्षाही मोठा असतो, हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको.

एका कार्डावर दोन-तीन नक्ष्या एकत्र आणायच्या, तर त्यांचं भांडण होऊ द्यायचं नाही. यासाठी पुस्तक वाचायची गरज नाही. पैठणी समोर पसरावी. अंगभर बारीक बुट्टी, काठाला ठसठशीत नारळी, आणि मोर सगळे पदरावर. म्हणजे एक नक्षी लहान, एक मध्यम, एक मोठी, आणि एखादा रंग तिघींत सारखा. तिन्ही नक्ष्या मोठ्या घेतल्या की कार्डाचा आठवडी बाजार होतो!

कागदालाही लाकडासारखी धार असते. यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सुरीसारखी पडते. आडवी घातली तर कडेला कागद तडकतो. हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघावं. ज्या बाजूने मुकाट्याने वाकतो ती त्याची घडी. पातळ डिंक भरपूर लावला तर तंतू फुगतात आणि कार्ड पापडासारखं वळतं, म्हणून दोन्ही बाजूंना चिकटणारी पट्टी बरी. हातकागदाला मात्र अशी ठाम धार नसते, कारण लगदा साच्यात हलवताना तंतू सगळीकडे पसरतात. आपल्याकडे जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, आणि पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. भारतातून परतताना आमच्या बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीखाली हातकागदाची एक सुरळी ठरलेली असते.

हा सगळा खटाटोप निव्वळ हौसेचा होता, तो आईची नजर कमी होईपर्यंत. सांगलीला आमची आई काचबिंदूने हळूहळू कमी बघू लागली. फोनवर पाठवलेले फोटो तिला दिसेनात. कार्ड आलं की शेजारच्या कुणाला तरी हाक मारून वाचून घ्यायची. नातीचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, यावर ती कधी तक्रार करायची नाही. पण फोनवर "छान होतं गं" एवढंच म्हणायची.

मग आम्ही तिच्यासाठी कागद निराळ्या कसोटीने निवडायला लागलो. चकचकीत कागद बाद, कारण त्याच्यावरचा उजेड डोळ्यावर येतो. बारीक बुट्टी बाद. पिवळ्याधमक कागदावर गडद निळ्या हातकागदाची एकच मोठी पणती, तीही खालून जाड पुठ्ठा लावून उचललेली, म्हणजे बोट फिरवलं की कड कळते. आतल्या बाजूला नक्षी अजिबात नाही. पांढरा कागद आणि काळं जाड स्केचपेन. अर्ध्या इंचाचं अक्षर काढायचं, तर उघडलेल्या कार्डात ५ ओळी बसतात आणि ओळीत ३ शब्द. एकूण १५.

लेक म्हणाली, "इतक्यात काय लिहिणार?" तिचं मराठी रविवारच्या शाळेतलं, एरवी आम्ही सांगायचो आणि ती उतरवून काढायची. या वेळी आम्ही सांगितलं नाही. "आजी, दिवाळीच्या शुभेच्छा" यात तीन गेले. उरलेल्या बारांवर तिने दोन संध्याकाळी घालवल्या, वहीत खाडाखोड केली, आणि लिहिलं : "पणतीचा कागद मी निवडला. हात लावून बघ. जूनमध्ये आले की एकत्र करू."

धनत्रयोदशीला फोन आला. आईने आम्हाला बाजूला सारून नातीलाच बोलावून घेतलं. म्हणाली, "या वेळी कुणाला हाक नाही मारली गं. खिडकीशी बसले, वेळ लागला, पण माझं मी वाचलं."

तेव्हापासून घरात १५ शब्दांचा नियम सगळ्यांच कार्डांना लागू झाला आहे. नक्षी बाहेर कितीही असो, आत जागा मोकळी, आणि त्या जागेत ज्याचं त्याने लिहायचं.

मंडळी, तुमच्याही कपाटात असे कागद असतीलच. या वर्षी काढा. पाकीट पाव इंचापेक्षा जाड होऊ देऊ नका, आणि चौकोनी पाकिटाला इथे जादा तिकीट लागतं हे ध्यानात असू द्या. इथल्या मित्रमंडळींच्या पाकिटांसाठी २०१६ साली निघालेली दिवाळीची तिकिटं कुणाकडे उरली असतील, तर ती आजही चालतात. भारतातली पाकिटं मात्र दसऱ्याआधीच टपालात टाका. चांगला कागद जपायचाच असेल, तर तो जपणारं माणूस आपल्याला तिकडे आहे.