पुंगळीचा हिशेब

अमेरिकेत बंदूक बाळगणाऱ्यांमध्ये एक वाद कधी मिटत नाही. नेमबाजीसाठी काडतुसं दुकानातून विकत घ्यावीत, की झाडलेल्या पुंगळ्या वेचून आणून घरीच पुन्हा भरावीत? घरी भरल्याने खरंच पैसे वाचतात का?

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तराला या वादाशी काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल. पण टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाला दोन वर्षांपासून हा छंद लागला आहे. मध्यंतरी त्याच्या बायकोचा मेसेज आला, "भाईजान, हे म्हणतात पैसे वाचतात. मला तर घरात एक डॉलर वाचलेला दिसत नाही. शनिवार-रविवार गॅरेजमध्ये जातात. तुम्ही हिशेब करून सांगा, तुमचं ते ऐकतात." घरात सहा आणि तीन वर्षांची दोन मुलं आहेत. म्हणून मी हे काम हाती घेतलं.

आधीच सांगतो, हा हिशेब तिथलाच आहे. आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. भुसावळजवळ वरणगावला 1964 पासून आयुध निर्माणी आहे, पण तिथल्या गोळ्यांचा आणि सामान्य माणसाचा संबंध येत नाही. त्यात माझं नाव असं की 'दारू' आणि 'काडतूस' हे शब्द त्याच्या शेजारी लिहिताना हात जरा थबकतो. भावाला हे सांगितलं तर तो हसला. तिथे हे सगळं सामान दुकानात, मासेमारीच्या गळांशेजारी मिळतं. एकाच आजीची आम्ही नातवंडं, पण एकाच शब्दाची भीती दोघांना सारखी वाटत नाही.

आता काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्याचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी झाडली की तीन गोष्टी संपतात आणि पितळ उरतं. पितळ हाच चौघांतला दणकट भाग. नीट वापरलं तर तेच पितळ अनेकदा भरता येतं. शेवटी त्याला तडा जातो, मग ते भंगारात. वापरलेला प्राइमर काढायचा, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्राइमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. त्यासाठी टेबलाला घट्ट बसवलेलं दाबयंत्र, साचे आणि वजनकाटा लागतो.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. एका पौंडात 7000 ग्रेन. आपल्याकडच्या सराफांचा जुना तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे गुंज दोन ग्रेनपेक्षा किंचित कमी. पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटर काडतुसात साधारण 5 ग्रेन दारू जाते, तीनेक गुंजांपेक्षाही कमी. सोनाराइतकीच नजर इथे लागते.

भावाकडून मी त्याने दिलेले भाव मागवले. दारू 40 डॉलर पौंड. 5 ग्रेनप्रमाणे एका पौंडात 1400 काडतुसं, म्हणजे एकाला 3 सेंट. प्राइमर 8 सेंट, गोळी 10 सेंट. पुंगळी मैदानावरून वेचलेली, फुकट. एकूण 21 सेंट. दुकानातलं तयार काडतूस त्याला 25 सेंटला पडतं. म्हणजे एका काडतुसामागे 4 सेंट वाचले.

पण यंत्रं, साचे, काटा मिळून त्याचे 600 डॉलर गेले आहेत. 4 सेंटांनी 600 डॉलर भरून यायला 15,000 काडतुसं भरावी लागतील. महिन्याला 200 झाडणाऱ्याला त्यासाठी सव्वासहा वर्षं लागतात. त्याच्या साध्या यंत्रावर तासाला फार तर शंभर भरून होतात, म्हणजे तासाची कमाई 4 डॉलर. अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे. छंदाच्या वेळेला मजुरी लावू नये हे मला मान्य आहे. पण मग त्याला बचतही म्हणू नये.

रायफलचा हिशेब मात्र वेगळा निघाला. त्याच्या .308 रायफलच्या एका काडतुसात 42 ग्रेन दारू जाते, म्हणजे 24 सेंटची. चांगली गोळी 45, प्राइमर 8, आणि पुंगळीचा खर्च अनेक वेळांत वाटून 8 सेंट धरला. एकूण 85 सेंट. त्याच दर्जाचं तयार काडतूस दीड डॉलरला. इथे एकामागे 65 सेंट वाचतात आणि 600 डॉलर साडेनऊशेच्या आत वसूल होतात. शिवाय आपल्या रायफलला मानवेल तशी दारू आणि गोळी जुळवता येते, त्यामुळे नेम सुधारतो. महाग आणि कमी खपाच्या काडतुसांत भरण्याचा फायदा आहे, स्वस्त आणि भरपूर मिळणाऱ्यांत जवळजवळ नाही. वादात दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या असतात, कारण दोघे वेगवेगळ्या काडतुसांबद्दल बोलत असतात.

भावाचा आणखी एक मुद्दा बरोबर होता. 2020 नंतर तिथे काडतुसांची मोठी टंचाई झाली. ज्यांनी सामान साठवलं होतं त्यांचा सराव चालू राहिला. पण तेव्हा प्राइमरही दुकानांतून गायब झाले. साठा नसलेल्याला यंत्राचा काहीच उपयोग नव्हता.

आता बायकोच्या मुद्द्याकडे येतो. तिला बचत का दिसत नाही? मी भावाला विचारलं, यंत्र घेण्याआधी महिन्याला किती झाडत होतास? शंभर. आता? दोनशे, कधी तीनशे. म्हणजे आधी महिन्याला 25 डॉलर जायचे, आता निदान 42. इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 साली कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं. इंजिनं कमी कोळशात चालू लागली तसा देशाचा एकूण कोळसा वाढला. वस्तू स्वस्त पडली की हात सैल सुटतो. ईदच्या सेलमध्ये 'वाचवलेले' पैसे घरी येऊन मोजणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पैशांच्या बाहेरच्या दोन गोष्टी मी कागदावर वेगळ्या लिहिल्या. पहिली म्हणजे शिसं. नेहमीच्या प्राइमरच्या राखेत शिशाचा अंश असतो. पुंगळ्या कोरड्या भुश्यात घोळवून साफ करताना त्याची धूळ उडते, हाताला आणि कपड्यांना लागते. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. दुसरी म्हणजे लक्ष. नऊ मिलिमीटरच्या पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी अनेकदा ती मावते आणि वरून कळत नाही. अशा काडतुसाने बंदूक हातात फुटू शकते. म्हणून हे काम करताना फोन नको, गप्पा नकोत, "अब्बू" म्हणत आत येणारं मूलही नको. अडचण अशी की मुलं जागी असतात तेव्हाच त्याला सुट्टी असते.

मी दोघांना एकच मेसेज पाठवला, म्हणजे कोणाला काय सांगितलं यावर भांडण नको. पिस्तुलाच्या गोळ्या विकत घे. रायफलच्या भर, पण मुलं झोपल्यावर. पुंगळ्या ओल्या पद्धतीने, घराबाहेर साफ कर. गॅरेजला कुलूप हवं, कपडे तिथेच बदलायचे, मुलाला उचलण्याआधी हात साबणाने धुवायचे. मुलांच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. आणि 'पैसे वाचवतो' असं सांगू नकोस, 'मला आवडतं' असं सांग. आवडीसाठी महिन्याला इतके डॉलर आणि इतके तास, हे दोघांनी बसून ठरवा.

भावाने अंगठा पाठवला. त्याच्या बायकोचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तपासणीसाठी तिने मुलांची वेळ घेतली होती.